बीटल्सची सगळी गाणी बसवतोय : 213 पैकी 168 झाली

सहावी_तार (नाशिक)

नमस्कार मंडळी.

साडेपाच वर्षांपूर्वी एक ठरवलं होतं. त्याबद्दल इथे लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं. ठरवलं ते असं, की बीटल्सची सगळी गाणी गिटारवर बसवायची. आवडती वीस-पंचवीस नव्हेत, सगळी. ज्या क्रमाने ती बाहेर आली त्याच क्रमाने, मधलं एकही न गाळता. परवा ‘सेक्सी सेडी’ वहीत उतरलं आणि आकडा 168 झाला.

आधी हिशेब सांगतो, कारण सगळी म्हणजे किती यावर नेहमी वाद होतो. ब्रिटनमध्ये निघालेले अल्बम, ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ची 11, आणि सिंगल-ईपीवरची (एक-दोन किंवा चार-सहा गाण्यांच्या छोट्या तबकड्यांवरची) उरलेली, जी नंतर ‘पास्ट मास्टर्स’मध्ये एकत्र केली, ती 33. ‘यलो सबमरीन’वरची ऑर्केस्ट्राची बाजू त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांची, ती धरलेली नाही, आणि त्यावरची आधीच येऊन गेलेली दोन गाणी पुन्हा मोजलेली नाहीत. बेरीज होते 217. त्यात ‘लव्ह मी डू’, ‘अक्रॉस द युनिव्हर्स’, ‘गेट बॅक’ आणि ‘लेट इट बी’ ही चार दोन-दोनदा येतात. राहिली 213. 1962 ते 1970 एवढ्या काळातलं हे काम. यातली 24 दुसऱ्यांची आहेत, एक ‘मॅगी मे’ हे लिव्हरपूलचं पारंपरिक गाणं आहे, आणि दोन त्यांच्याच गाण्यांची जर्मन रूपं आहेत. मी तीही धरली.

मी नोकरी करणारा माणूस. रात्री साडेनऊ ते साडेदहा हा माझा गिटारचा तास. कॉलेजात असताना शिकलो आणि पुढची वीस वर्षं तीच बारा गाणी वाजवत राहिलो. कोजागिरीला, सहलीला, कुणाच्या साठीला. ती बारा गाणी बोटांत इतकी बसली होती की वाजवताना ऐकूच यायची नाहीत. एका रात्री ‘ऑल माय लव्हिंग’ची मूळ ध्वनिमुद्रिका हेडफोनवर लावली आणि जॉन लेननची उजवी बाजू पहिल्यांदा नीट ऐकली. तो तिथे सरळ चारचं स्ट्रमिंग करतच नाही. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करून, न थांबता, दोन मिनिटं मनगट चालवतो. मी वीस वर्षं ते गाणं वाजवत होतो आणि त्याचा प्राण असलेली गोष्ट माझ्या वाजवण्यात कधी नव्हतीच. त्या रात्री ठरलं, पहिल्यापासून सुरुवात करायची.

नियम माझे मीच केले. गाणं आलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ते कागद न बघता, मूळ लयीत, गात गात शेवटपर्यंत जातं. शिवाय गिटारवर नसलेली एक तरी जागा गिटारवर आणायची. म्हणजे ‘फॉर नो वन’मधला फ्रेंच हॉर्न, किंवा ‘इन माय लाइफ’मधला पियानो. (तो पियानो जॉर्ज मार्टिन यांनी टेप अर्ध्या वेगाने चालवून, एक सप्तक खाली वाजवला होता. पूर्ण वेगात तो तसा टपटप पडतो तो त्यामुळे. मला तो बसवायला सहा आठवडे लागले.) आणि आधी कान, मग कागद. इंटरनेटवरचे कॉर्ड आणि टॅब शेवटी, पडताळायला. त्यांत चुका फार असतात, आणि एकदा चुकीचा कॉर्ड डोळ्यांनी वाचला की कान त्याच्यापुढे नमतो.

कानाने शिकणाऱ्यांना एक सांगतो. पहिल्या दोन अल्बमांची स्टिरिओ आवृत्ती घ्या. ती दोन ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झालेली, त्यामुळे ढोबळमानाने एका बाजूला वाद्यं आणि दुसऱ्या बाजूला आवाज आहेत. हेडफोनचा एक कान काढला की नुसती गिटार, बेस आणि ड्रम्स राहतात. स्टिरिओ म्हणून ऐकायला ते विचित्र आहे, शिकायला मात्र सोनं आहे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. मला वाटत होतं की या प्रवासात मोठी गाणी मोठं काही देतील. दिलं त्यांनी. पण मला खरं शिकवलं ते ज्यांच्यावरून मी आयुष्यभर पुढे सरकत आलो त्या गाण्यांनी. ‘आयल बी बॅक’ घ्या. ‘अ हार्ड डेज नाइट’ अल्बमचं शेवटचं गाणं, त्या अल्बमचा पहिला कॉर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, हे शेवटचं गाणं कुणी वाजवत नाही. त्यात ए मायनर आणि ए मेजर यांच्यात ते असं ये-जा करतात की दु:ख कुठे संपलं आणि आस कुठे लागली ते कळत नाही. आपल्या भाषेत, एकच गंधार कोमल आणि शुद्ध असा हलतो, बस्स. एवढ्याशा हालचालीवर गाणं उभं. क्रम पाळला नसता तर मी त्या गाण्यापाशी कधी थांबलोच नसतो.

तसंच ‘प्लीज प्लीज मी’चं. त्या अल्बमच्या 14 गाण्यांपैकी 10 त्यांनी 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात ध्वनिमुद्रित केली, आणि ‘ट्विस्ट अँड शाउट’ सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण जॉनला सर्दी होती आणि त्या गाण्यानंतर गळा उरला नसता. एका रविवारी मी ती दहा सलग म्हणून पाहिली. संध्याकाळपर्यंत बोटांच्या टोकांचे घट्टे सोलवटले होते आणि आवाज बसला होता. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवून त्या चौघांनी काय कमावलं होतं ते पुस्तकं वाचून कळलं नव्हतं, त्या रविवारी कळलं.

अजून पुष्कळ आहे. आधी तुमचं ऐकू दे. कुणी असं एखाद्या बँडचं सगळं काम बसवलं आहे का?

कोवळी_बोटं (कोल्हापूर)

दादा, धागा वाचून रात्री गिटार काढली. मी आठ महिन्यांपूर्वी सुरू केलं, वय 34. माझी अडचण फार प्राथमिक आहे. एफचा बार कॉर्ड लागतच नाही, पहिली तार मुकी राहते. प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे एफ येतो आणि मी तिथेच थांबते. अशा अवस्थेत 213 गाण्यांचा विचार करणं म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याशी बसून शिखर मोजणं आहे का? माझ्यासारखीने कुठून सुरुवात करावी?

सहावी_तार (नाशिक)

ताई, पहिल्यांदा एफ सोडून द्या, बार सोडून द्या. बारीक चार तारांवरचा छोटा एफ धरा, पहिल्या बोटाने फक्त पहिल्या दोन तारा दाबायच्या. गाणं अडत नाही. पूर्ण बार सहा-आठ महिन्यांत आपोआप येतो, फक्त रोज दोन मिनिटं त्याच्यावर द्यायची. तिसऱ्या फ्रेटवर आधी धरून पाहा, तिथे तार दाबायला कमी जोर लागतो. आणि एकदा कुणा जाणत्या माणसाकडून गिटारची ॲक्शन तपासून घ्या. तारा फार उंच असतील तर दोष तुमच्या बोटांचा नाही.

सुरुवात ‘लव्ह मी डू’नेच करा. मुख्य भागात जी आणि सी, मधे एक डी. मग ‘एलिनॉर रिग्बी’. त्यात बीटल्सपैकी कुणीच वाद्य वाजवलेलं नाही, आठ तंतुवाद्यं आहेत, पण गिटारवर ते ई मायनर आणि सी एवढ्यावर उभं राहतं. दोन कॉर्डमध्ये एवढी एकाकी बाई कशी उभी केली याचं मला आजही नवल वाटतं.

आणि बी सेव्हनची गोष्ट लक्षात ठेवा. पॉल मॅकार्टनी यांनी अनेकदा सांगितलं आहे की त्यांना ई आणि ए येत होते, बी सेव्हन येत नव्हता. लिव्हरपूलच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी तो येतो असं कळलं, तर बसने शहर ओलांडून त्याच्याकडे गेले, शिकून आले. एका कॉर्डसाठी. त्यांनाही तो कुणीतरी दाखवावाच लागला.

विलंबित (पुणे)

लिखाण आवडलं. एक शंका आहे, आणि ती टोचायची म्हणून विचारत नाही. मी ख्याल शिकते. आमच्याकडे एक राग वर्ष-वर्ष चालतो. माझ्या गुरूंनी मला पहिली दोन वर्षं यमन आणि भूप यांच्यापलीकडे जाऊ दिलं नाही, आणि त्याचं मोल मला आज कळतं. तुमच्याकडे साधारण दोन आठवड्यांना एक गाणं पडतं. 213 हा आकडा गाठायच्या नादात प्रत्येक गाण्यात उतरणं राहून जात नाही का? दहा गाणी घेतली आणि ती आयुष्यभर घोटली तर जास्त काही हाती लागेल असं तुम्हाला कधी वाटलं नाही? आणि विसरण्याचं काय करता? 168 गाणी आज रात्री म्हणायला सांगितली तर किती येतील?

सहावी_तार (नाशिक)

विलंबित, हा प्रश्न मीही स्वत:ला विचारत आलो आहे, त्यामुळे पूर्ण उत्तर देतो.

विसरण्याचं आधी. आज रात्री म्हणाल तर शंभराच्या आसपास धड येतील. बाकीची एक-दोनदा चाचपडल्यावर. रोज तासातली पहिली वीस मिनिटं जुन्या तीन गाण्यांची. वहीत त्यांचा फेरा लावलेला आहे, दर दोन महिन्यांनी प्रत्येक गाणं परत हाताखालून जातं. हा फेरा सुरू केला नव्हता तेव्हा पहिल्या वर्षातली निम्मी गाणी खरोखर गेली होती, ती पुन्हा बसवावी लागली.

आता मुख्य मुद्दा. तुमची दहा गाण्यांची गोष्ट मी वीस वर्षं केली होती, बारा गाण्यांची. पण मी ती घोटली नाहीत, नुसती वापरली. घोटायला शिकवणारं कुणी नव्हतं. तुमच्या गुरूंनी तुम्हाला यमनात जसं ठेवलं, तसं मला कुणी ‘ऑल माय लव्हिंग’मध्ये ठेवलं नाही. या क्रमाने माझ्यासाठी ते काम केलं. पुढचं गाणं कुठलं हे मी ठरवत नाही. मला नावडतं, अवघड, गळ्यात न बसणारं, जे येईल ते. ‘मिस्टर मूनलाइट’ मला कधीही आवडलं नव्हतं. त्याच्यापाशी तीन आठवडे बसलो आणि त्या पहिल्या एकट्या हाकेत जॉनचा आवाज कुठल्या स्वरावर कसा फुटतो ते कळलं. तो स्वर मला नंतर कितीतरी गाण्यांत उपयोगी पडला.

आणि सलग गेल्यावर आणखी एक दिसतं. ही सात-आठ वर्षांची एकच वाढ आहे. 1963 मध्ये ‘शी लव्ह्ज यू’च्या शेवटी तीन आवाज षष्ठकाचा कॉर्ड धरतात. जॉर्ज मार्टिन यांना तो जुनाट वाटला होता, या पोरांनी ठेवला. ‘धिस बॉय’मध्ये तेच तीन आवाज सबंध गाणं पेलतात. ‘यस इट इज’मध्ये त्यांच्यात इतक्या जवळचे, घासणारे स्वर येतात की माझ्या मुलीने आणि मी ते म्हणताना दोन महिने एकमेकांना ओढून नेलं. पुढे ‘बिकॉज’मध्ये तेच तिघं तीनदा गाऊन नऊ आवाज करतात. तिथे मी अजून पोचलो नाही, पण त्याची मुळं कुठे आहेत ते मला आता माहीत आहे. एकाच गाण्यात खोल जाण्याने हे दिसलं नसतं. तुम्ही एका रागात जे वर्षभर शोधता ते मी एका घराण्याच्या सगळ्या बंदिशी पाठ करून शोधतो आहे असं समजा. दोन्ही वाटा खऱ्या असाव्यात.

विलंबित (पुणे)

घराण्याच्या बंदिशी पाठ करणं हे पटलं. आमच्याकडेही गुरूंकडे शे-दीडशे बंदिशी असतात, त्यांतल्या अनेक ते कधी मैफलीत गात नाहीत, पण रागाची एखादी अडलेली जागा त्यांतच सापडते. तुमची वही इथे कधी दाखवा.

ठेका (मिरज)

मी तबला वाजवतो, शिकवतो. बीटल्सशी माझी ओळख मुलामुळे. पण धागा वाचून दोन गोष्टी बोलाव्याशा वाटल्या.

‘ऑल यू नीड इज लव्ह’च्या कडव्यांत सात मात्रा आहेत. मुलाने ते लावलं तेव्हा मी लगेच रूपक धरला आणि दोन आवर्तनांत अडखळलो. कारण रूपक तीन-दोन-दोन, आणि हे गाणं चार-तीन चालतं. उलटी दीपचंदी म्हणा. शिवाय मधेच एक ओळ आठाची येते, आणि गाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तो शब्दांच्या मागे जातो. मला ते आवडलं. मोजून केलेलं नाही, बोलण्यातून आलेलं आहे.

दुसरं, ‘विदिन यू विदाउट यू’. तिथे दिलरुबा आहे, तबला आहे, तानपुरे आहेत, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले वादक. मधला वाद्यांचा भाग पाचाच्या चालीत जातो, आपल्याला तिथे झपताल ओळखू येतो. गायकीचं अंग खमाज थाटाचं, कोमल निषाद. तुम्ही ते गिटारवर कसं बसवलंत? दिलरुब्याची मींड पडद्यांच्या वाद्यावर कशी येणार? आमच्या गावात तानपुरे-सतारी बनवणारी घराणी आहेत, त्यामुळे पडदा आणि मींड हा आमचा रोजचा विषय.

सहावी_तार (नाशिक)

ठेकाजी, तुम्ही नेमकी दुखरी जागा पकडलीत. ते गाणं मला साडेतीन महिने लागलं. सगळ्यांत जास्त.

मींड मी तार आडवी ओढून घेतो, तिसऱ्या तारेवर. एका पडद्यावर जास्तीत जास्त दीड-दोन स्वर मिळतात, त्यापुढे बोट सरकवावं लागतं आणि सांधा ऐकू येतो. तो सांधा कुठे लपवायचा हे शोधण्यातच साडेतीन महिने गेले. पाश्चात्त्य व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्यांनाही तेच सोसावं लागलं होतं. दिलरुब्याच्या मागे जायचं म्हणून जॉर्ज मार्टिन यांनी त्यांच्यासाठी घसरत जाणारे स्वर लिहून काढले. ते ऐकताना तंतुवाद्यांचा अख्खा गट एका दिलरुब्याचं अनुकरण करायला बसला आहे हे कळतं. मला त्या गाण्यातलं सगळ्यांत सुंदर तेच वाटतं.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी खास. ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत मुंबईत ध्वनिमुद्रित झालं आहे, जानेवारी 1968, एचएमव्हीच्या स्टुडिओत. जॉर्ज हॅरिसन तिथे एका चित्रपटाचं संगीत करायला आले होते. सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. गळा नंतर लंडनमध्ये चढवला. मार्च 1968 मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. हॅरिसन यांचं सिंगलवर आलेलं बीटल्सचं ते पहिलं गाणं. माझ्या वहीत ते 144 वं. मुंबईत बसलेल्या आपल्या वादकांचे हात बीटल्सच्या तबकडीवर आहेत, आणि मी ते गाणं पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ऐकलंही नव्हतं. ते बसलं त्या रात्री मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

मँचेस्टरकर (मँचेस्टर)

गेली 14 वर्षं इथे आहे. लिव्हरपूल आमच्याहून तासाभरावर. पॉलचं 20 फोर्थलिन रोडचं घर आणि जॉन ज्या मिमी मावशींकडे वाढला ते ‘मेंडिप्स’, दोन्ही नॅशनल ट्रस्टने जपली आहेत, थोडेच लोक एका वेळी आत सोडतात. फोर्थलिन रोडचं घर म्हणजे नगरपालिकेचं साधं भाड्याचं घर. समोरची खोली आपल्या चाळीतल्या खोलीहून फार मोठी नाही. तिथे ते दोघं समोरासमोर बसून गाणी लिहायचे. पॉल डावखुरा, जॉन उजवा, त्यामुळे समोरच्याचे कॉर्ड आरशातल्यासारखे दिसायचे. खोलीत उभं राहिल्यावर दोन गिटारींचे दांडे एकमेकांना कसे लागत नसतील, हेच मी बघत होते. मेंडिप्सच्या पुढच्या ओसरीला काचा आहेत, तिथे आवाज घुमतो म्हणून पोरं तिथे जाऊन वाजवायची.

मी बेस वाजवते, घरच्या घरी. सहावी_तार, तुम्ही गिटारच्या बाजूने जाता आहात, पण 1966 नंतर पॉलचा बेस हे स्वतंत्र गाणं होतं. ‘सार्जंट पेपर’च्या वेळी तो अनेकदा बाकी सगळं झाल्यावर, शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर बेस वाजवायचा. त्यामुळे त्याला गळा, पियानो, सगळं ऐकून मधल्या रिकाम्या जागा शोधता यायच्या. ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’चा बेस एकटा शिकून पाहा. कॉर्डचा मूळ स्वर तो किती वेळा टाळतो ते मोजा. मी सहा महिने फक्त ‘रेन’ आणि ‘समथिंग’ वाजवत होते.

सहावी_तार (नाशिक)

ताई, हे वाचून हेवा वाटला. बेस मी जाड दोन तारांवर, अंगठ्याने धरायचा प्रयत्न करतो, पण ते पुरत नाही हे मान्य. ‘आय विल’मध्ये तर बेस गिटार नाहीच, पॉलने तो तोंडाने म्हटला आहे. आमच्या घरी तो भाग मुलीकडे. नववीत आहे, गाणं शिकते, पण या एका बेससाठी ती अभ्यास सोडून येते.

डावखुऱ्याचा मुद्दा त्यांचा ड्रमर रिंगो यालाही लागू आहे. तो डावखुरा, पण ड्रम्स उजव्या हाताच्या मांडणीत. त्यामुळे त्याचे फिल (ओळींच्या मधल्या जागा भरणारे तुकडे) भलत्या दिशेने उतरतात, आणि त्यांत क्षणभर अडून मग पडण्याची जी गोडी आहे ती तिथून येते. माझा स्ट्रमिंगचा हात तिथे नेहमी घाई करायचा. 1966 सालची गाणी बसवताना मी पंधरा दिवस गिटार बाजूला ठेवून मांडीवर फक्त रिंगो वाजवला.

सुरांचं एक विचारतो, इथे पेटीवाले असतील. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी आहे. वेगवेगळ्या पट्टीतली, वेगवेगळ्या लयीतली दोन ध्वनिमुद्रणं टेपचा वेग बदलून साधारण मिनिटभराच्या जागी जोडली आहेत. त्यामुळे पेटी काही लागत नाही. मी गिटारच तेवढी उतरवून घेतो आणि मुलीला तानपुरा ॲप तसंच लावून देतो. दुसरा कुठला मार्ग आहे का?

पेटीवाला (सांगली)

नाही. पेटीला दोन पट्ट्यांच्या मधे जागा नाही. तुम्ही करता तेच बरोबर, तारेचं वाद्य उतरवणं.

‘व्हेन आयम सिक्स्टी फोर’सुद्धा तपासून घ्या. ते पांढरी एकला वाजवून टेप चढवून काळी एक केलेलं आहे. तिथे मात्र पेटी लागते.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सगळं वाचतोय. फक्त एक व्यवहारातला प्रश्न. आमच्याकडे जून ते सप्टेंबर गिटारच्या तारा पंधरा दिवसांत गंजतात आणि दांडा वाकतो. तुम्ही रोज वाजवता, काय करता?

सहावी_तार (नाशिक)

नाशिकला एवढा त्रास नाही, पण वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसा, बोटांचा घाम राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. केसमध्ये सिलिकाच्या पुड्या ठेवा, आठवड्याला बदला. गिटार भिंतीला टांगू नका, भिंत ओल धरते. आणि आवरण असलेल्या तारा महाग पडतात पण कोकणात त्या दुप्पट-तिप्पट टिकतील.

नर्मदेचा (खरगोन)

मध्य प्रदेशात वाढलेला मराठी माणूस. तुमचा 213 चा डोंगर पाहून दडपण येणाऱ्यांसाठी सांगतो, मी हेच ‘इंडियन ओशन’बद्दल केलं. ‘डेझर्ट रेन’ 1997 चा, ‘कंदीसा’ 2000 चा. या दोन अल्बमांत सगळी मिळून गाणी थोडी, पण प्रत्येक लांब. ‘मा रेवा’ आमच्या नदीचं, त्यामुळे तिथून सुरू केलं. सुष्मित सेन यांची गिटार कॉर्डच्या मागे लागत नाही, एका स्वराभोवती फिरत राहते. उघड्या तारा घुमत राहतात. मला तीन वर्षं लागली. लहान संग्रह असलेला बँड घेतला तर पूर्ण होण्याचा आनंद लवकर मिळतो.

कोवळी_बोटं (कोल्हापूर)

कळवायला आले. ‘लव्ह मी डू’ झालं. ‘एलिनॉर रिग्बी’ झालं, म्हणजे गाते आणि वाजवते दोन्ही, हळू लयीत. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, म्हणाली परत म्हण. एफ छोटाच धरते. दादा, ‘ब्लॅकबर्ड’ कधी करू शकेन?

सहावी_तार (नाशिक)

वा! फार बरं वाटलं वाचून.

‘ब्लॅकबर्ड’ला बार लागत नाही, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा लवकर. अंगठा खालचा स्वर, बोट वरचा स्वर, आणि मधली जीची उघडी तार सतत वाजती. पॉल आणि जॉर्ज लहानपणी बाखचा एक तुकडा वाजवायचा प्रयत्न करायचे, या गाण्याचं बीज तिथे आहे. अवघड आहे ती लय. तीन, चार, दोन अशा मात्रा बदलत जातात. ठेका चुकला तर घाबरू नका, ओळ म्हणत राहा, लय शब्दांत आहे. मूळ ध्वनिमुद्रणात पॉलच्या पायाचा ठेका ऐकू येतो, त्याला धरून चाला.

त्याच अल्बमवरचं ‘डिअर प्रूडन्स’ नंतर घ्या. सहावी तार ई ऐवजी डीला उतरवायची. जॉनने ते बोटांचं वादन 1968 मध्ये ऋषिकेशला डोनोव्हन या गायकाकडून शिकून घेतलं. एवढं नाव झाल्यावरही तो नवखा होऊन बसला आणि शिकला. ‘जूलिया’ही त्याच हाताचं.

विलंबित (पुणे)

‘रेव्होल्यूशन 9’चं काय करणार? ते गाणंच नाही असं ऐकलं आहे.

सहावी_तार (नाशिक)

आठ मिनिटांहून जास्त, टेपचे तुकडे जोडून केलेलं. त्यात सूर धरायला जागा नाही. मी ते डोळे मिटून एकदा पूर्ण ऐकणार आणि वहीत तारीख घालून ‘ऐकलं’ असं लिहिणार. गाळणार नाही.

ठेका (मिरज)

सहावी_तार, तुमची मुंबईची गोष्ट वाचल्यापासून डोक्यात एक घोळतंय. 1966 च्या ‘लव्ह यू टू’वर तबला अनिल भागवत यांचा आहे, त्यांचं नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर छापलेलं आहे. मुलाने दाखवलं. लंडनच्या तबकडीवर आपलं आडनाव! ते गाणं तुमच्याकडे झालेलं असणार. मी इथून तबला पाठवला तर तुम्ही गिटार आणि गळा पाठवाल का? पट्टी सांगा, तबला त्याप्रमाणे लावतो.

सहावी_तार (नाशिक)

झालेलं आहे, आणि आनंदाने. पांढरी एक लावा. काफी थाटाचं अंग आहे. सुरुवातीला सतारीची आलापी ताल नसलेली, ती मी गिटारवर मोकळी घेतो, तिथे तुम्ही थांबा. आलापी संपली की मी सात सेकंद शांत सोडीन आणि मग एक टाळी देईन, त्यावर तुमची सम. मधल्या भागापर्यंत लयीसाठी क्लिक (मात्रा मोजणारी टिकटिक) पाठवतो, पण शेवटी मूळ गाण्यात लय एकदम चढते आणि चढत्या लयीतच विरून जातं. तिथे क्लिक ठेवलेली नाही. तेवढा भाग तुम्ही आधी वाजवून पाठवा, तिथून पुढे मी तुमच्या मागे येतो.